'मनाचा तास' : उपयोग होतोय का, ते मोजायचं कसं?

रानजाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकते, मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मी एका छोट्या संस्थेत काम करते. गेलं वर्षभर आम्ही बालाघाटाच्या कडेच्या एका तालुक्यात बारा जिल्हा परिषद शाळांमध्ये तिसरी-चौथीच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा ४० मिनिटांचा 'मनाचा तास' घेतोय. आमच्या दोन ताया स्कूटीवरून शाळा-शाळा फिरतात. एखादी गोष्ट सांगायची, मग त्यातल्या पोराला काय वाटलं असेल त्यावर गप्पा, श्वासाचा एखादा खेळ, चित्रं काढणं, भांडण झालं की काय करायचं त्याचं नाटुकलं, असं साधारण स्वरूप. मुलांना आवडतो हे नक्की, स्कूटीचा आवाज आला की पोरं फाटकापर्यंत पळत येतात.

आता देणगीदारांनी विचारलंय की मुलांच्या भावनिक आरोग्यात किती टक्के सुधारणा झाली ते सांगा, पुढच्या वर्षीचे पैसे त्यावर ठरतील. आम्ही जूनमध्ये आणि परत मार्चमध्ये मुलांकडून पाच चेहऱ्यांची पट्टी भरून घेतली होती, म्हणजे वाक्य वाचून दाखवायचं आणि मुलांनी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत एका चेहऱ्याला गोल करायचा. शिक्षकांचे अभिप्रायही घेतले. तर झालंय असं की शिक्षकांचे अभिप्राय एकजात 'खूप छान बदल' असे आहेत आणि मुलांच्या पट्ट्यांमध्ये मात्र रागाच्या आणि भीतीच्या वाक्यांना मार्चमध्ये जूनपेक्षा जास्त रडके चेहरे आलेत. एका मुलीने तर सगळीकडे शेवटचाच चेहरा केलाय, आम्ही घाबरून तिच्याशी बोलायला गेलो तर म्हणाली, 'त्याचे डोळ्यातले थेंब लई भारी काढलेत.'

म्हणजे आमच्या तासाने मुलं जास्त दुःखी झाली का? की आमची पट्टीच चुकली? आणि मुळात हे मोजायचं कसं, कोणाला विचारायचं? ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा. आकडा फुगवून पाठवायचा नाहीये मला.

खडूवाला

ताई, आधी शिक्षकांच्या अभिप्रायाबद्दल सांगतो कारण मी त्याच बाजूला आहे. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात मतदारयाद्यांचं बीएलओचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, रोज कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती. कोणी आपल्या पोरांसाठी आठवड्याला ४० मिनिटं येतंय आणि फॉर्म पुढे करतंय तर मी 'उत्तम'च लिहिणार, त्यात लबाडी नसते हो, कृतज्ञता असते. आकारिक मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदींचं काय होतं तुम्हाला माहितीये. 'इतरांच्या भावनांची कदर करतो' हे वाक्य तयार पीडीएफमधून उतरवून घेतलेलं मी किती निकालपत्रकांत पाहिलंय. त्याच हाताने तुमचा अभिप्राय लिहिलाय.

आणि जूनमध्ये मोजू नका. जूनमध्ये पोरं मामाच्या गावाहून आलेली असतात, वर्ग नवा, कधी कधी शिक्षकही बदली होऊन नवे, त्यांना पोरांची नावं पाठ नसतात तर मन काय सांगणार. मार्चमध्ये परीक्षेची धाकधूक. दोन्ही टोकं वाकडी.

सातासमुद्रापार

वाचतेय. माझी मुलगी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत आहे, तिच्या वर्गात रोज सकाळी आपापल्या नावाची चिमटी रंगाच्या पट्टीवर लावायची असते, निळा म्हणजे उदास, हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे राग. तिने दोन महिन्यांत मला सांगितलं की हिरव्यावर लावलं की कोणी काही विचारत नाही आणि लगेच खेळायला मिळतं. म्हणून ती रोज हिरवी. शाळेच्या नोंदीत माझी मुलगी वर्षभर आनंदी आहे.

अंकगणित

मी सर्वेक्षणं आणि मूल्यमापनाच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. रानजाई, तुमच्या पट्टीवर रडके चेहरे वाढले यावरून मुलं दुःखी झाली असं म्हणता येत नाही, तसंच झाली नाहीत असंही म्हणता येत नाही. वर्षभर तुम्ही मुलांना शिकवलंत की राग येणं वाईट नाही, तो ओळखा, सांगा. मग मार्चमध्ये त्यांनी सांगितला. जूनमध्ये 'मला भीती वाटते' याला हसरा चेहरा करणारं मूल धीट होतं की त्याला भीती कबूल करायची लाज वाटत होती, हे तुमच्या कागदावर कुठे लिहिलेलं नाही. मोजपट्टीच मधल्या काळात ताणली गेली. शिवाय लहान मुलं पाचातली मधली तीन घरं फारशी वापरतच नाहीत, एकदम या टोकाला नाहीतर त्या टोकाला जातात, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलांना पाच पायऱ्या देऊन बारकावा मिळत नाही.

दुसरं, तुमच्याकडे तुलना नाहीये. मूल आठाचं नऊ वर्षांचं झालं की तसंही थोडं बदलतं, तुमचा तास असो नसो. आणि ज्यांची सुरुवातीची नोंद फार वाईट असते ती पुढच्या वेळी आपोआपच थोडी बरी येते, कारण पहिल्या दिवशी पोट दुखत असेल, घरी मार खाल्ला असेल. तास न मिळालेल्या शाळा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय 'आमच्यामुळे' हा शब्द वापरता येत नाही.

या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी चाचणी सांगतो, कारण ती बरोबर प्राथमिकच्या मुलांवरची आहे. इंग्लंडमध्ये मुलांची चिंता कमी करण्यासाठीचा 'फ्रेंड्स' नावाचा कार्यक्रम ९-१० वर्षांच्या मुलांना ४० शाळांमध्ये देऊन पाहिला, २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. तीन गट केले होते. एका गटात बाहेरून आलेल्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी तास घेतले, दुसऱ्यात शाळेतल्याच लोकांनी तेच पुस्तक वापरून घेतले, तिसऱ्यात नेहमीचा वर्ग. वर्षभराने मुलांची चिंता पहिल्या गटात कमी दिसली, शिक्षकांनी घेतलेल्या गटात नेहमीच्या वर्गापेक्षा वेगळं काही दिसलं नाही. आणि दोन वर्षांनी परत पाहिलं तेव्हा पहिल्या गटाचा फायदाही जवळजवळ विरून गेला होता. म्हणजे मार्चमध्ये मोजून अहवाल पाठवला की काम संपलं असं नसतं, पुढच्या मार्चमध्ये पण जावं लागतं.

शेवंती

अंकगणित सर, शिक्षकांवर जरा अन्याय होतोय. मी पण शिक्षिका आहे. २०११ मधला एक मोठा आढावा आम्हाला प्रशिक्षणात सांगितला होता, भावना ओळखणं-सांभाळणं शिकवणारे २१३ शालेय कार्यक्रम आणि पावणेतीन लाखांच्या आसपास मुलं, त्यात शाळेतल्याच शिक्षकांनी घेतलेल्या कार्यक्रमांचाही चांगला परिणाम दिसला होता, वागण्यावरही आणि अभ्यासावरही. मग आता कुठलं खरं धरायचं?

अंकगणित

दोन्ही खरं धरा ताई. तो आढावा मलाही माहितीये आणि तो महत्त्वाचा आहे, पण त्यातले बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतले, आणि ज्या शिक्षकांनी घेतले त्यांना वेळ, प्रशिक्षण, पाठीशी कोणीतरी असं सगळं होतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेच्या लोकांनी बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा कार्यक्रम तपासला, २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नववीची मुलं, म्हणजे तुमच्यापेक्षा मोठी, पण प्रश्न तोच. काही शाळांत गावाकडचाच एक प्रशिक्षित माणूस पूर्णवेळ समुपदेशक म्हणून ठेवला, काही शाळांत तेच काम एका शिक्षकाला दिलं. समुपदेशक होता तिथे शाळेचं वातावरण, दादागिरी, मुलांची उदासी, या सगळ्यांमध्येच मोठा फरक पडला. शिक्षकाला दिलं होतं तिथे काहीच नाही. दुसऱ्या वर्षीही समुपदेशकवाल्या शाळांतला फरक टिकला, उलट वाढला. यावरून शिक्षक वाईट असं कोणी म्हणत नाहीये. खडूवाला सरांनी वर जी कामांची यादी दिली ना, तिच्यावर अजून एक काम ठेवलं की काय होतं ते त्यातून दिसतं.

म्हणून मूल्यमापनात पहिल्यांदा हे लिहा की तास खरंच किती झाले. बारा शाळांत वर्षभरात किती ठरले होते, किती झाले, किती वेळा ४० ची २० मिनिटं झाली, कोणती मुलं त्या दिवशी नव्हती. याला पैसे लागत नाहीत, एक वही लागते.

खडूवाला

'कोणती मुलं नव्हती' यावर थांबतो. ताई, तुमचा तालुका ऊसतोडीचा ना? मग दसरा-दिवाळीनंतर तुमची किती पोरं कारखान्यावर गेली आणि परत कधी आली? आमच्याकडे काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही जातातच. जी जातात ती तुमच्या मार्चच्या पट्टीत नसणार. आणि जी मागे राहिली त्यांचे आईबाप सहा महिने नाहीत, ती मार्चमध्ये रडक्या चेहऱ्याला गोल करतायत तर त्यात तुमच्या तासाचा काय दोष. माझ्या चौथीतला एक मुलगा नोव्हेंबर ते मार्च दप्तरात आईचं पातळ घेऊन यायचा. कुठल्या पट्टीवर मांडाल ते?

रानजाई

सर, तुम्ही हे लिहिलंत आणि मी लगेच हजेरी काढून बसले. जून आणि मार्च दोन्ही वेळा पट्टी भरलेली मुलं वेगळी काढायला हवी होती, आम्ही सरळ सगळ्यांची सरासरी काढली. जी गेली त्यांना आम्ही नकळत यादीतून पुसून टाकलं. खरं सांगायचं तर ज्या मुलांना या तासाची सगळ्यात जास्त गरज होती तीच बाहेर राहिली आणि आम्हाला कळलंही नाही.

ओवीची_आई

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा तिसरीत असताना त्यांच्या शाळेत असाच एक तास सुरू झाला होता, शाळेचं नाव सांगत नाही. एक दिवस मुलांना 'तुमच्या आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा दिवस' असं चित्र काढायला सांगितलं. त्याचे बाबा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्याने काढलं. दवाखाना काढला, खाटेवरचे बाबा काढले. मग सगळ्यांची चित्रं भिंतीवर लावली. मधल्या सुट्टीत एका मुलाने विचारलं की तुझे बाबा असे वाकडे का झोपलेत. त्यानंतर तो आठवडाभर शाळेत जायला तयार नव्हता, रात्री परत अंथरुणात लघवी व्हायला लागली, जे चौथ्या वर्षी बंद झालं होतं.

ज्या ताई आल्या होत्या त्या मनाने चांगल्या होत्या, मला त्यांच्यावर राग नाही. पण वर्षाच्या शेवटी एक पत्रक आलं, त्यात त्या चित्रांचे फोटो होते आणि खाली लिहिलं होतं की मुलं भावना व्यक्त करायला शिकली. माझ्या मुलाचं चित्र पण होतं त्यात. मला कोणी विचारलं नव्हतं, ना आधी ना नंतर. तुमच्या मोजमापात अशी मुलं कुठे येतात एवढंच मला विचारायचंय.

चांदणचुरा

ओवीची_आई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मुलगा आता कसा आहे?

मी शाळा समुपदेशक आहे, पुण्यात. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आपल्या क्षेत्रात एक समज आहे की भावनांवर बोलण्याने फार तर फायदा होणार नाही, तोटा कसा होईल. तोटा होऊ शकतो. ब्रिटनमध्ये ८५ माध्यमिक शाळांत आठ हजारांवर मुलांवर माइंडफुलनेसच्या, म्हणजे श्वासाकडे नि आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या तासांची मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला. नेहमीच्या तासांपेक्षा कुठलाही जास्तीचा फायदा दिसला नाही, बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही, आणि ज्या मुलांना आधीपासून त्रास होता त्यांना हा सरसकट तास मानवत नसल्याची लक्षणं दिसली. सरासरी काढली की हे दिसत नाही. तीस मुलांना थोडं बरं वाटलं आणि एका मुलाचं आतून फाटलं तर सरासरी छानच येते.

त्यामुळे रानजाई, मूल्यमापनात 'त्रास झालेली मुलं' ही वेगळी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. तासात कोण रडलं, कोण उठून बाहेर गेलं, कोण त्यानंतर गैरहजर राहिलं, पालकांनी काही सांगितलं का. दर आठवड्याला दोन्ही ताया बसून पाच मिनिटं यावर बोलल्या पाहिजेत. आणि अशी चित्रं भिंतीवर किंवा पत्रकात लावूच नका. पालकांची परवानगी म्हणजे जूनमध्ये घेतलेली एक सही नव्हे, काय विचारणार, कागद कुठे ठेवणार, कोण बघणार हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं.

अजून एक. मुलाला बोलायला शिकवलं की मूल बोलतं. कधी तरी कोणी काका त्रास देतो हे सांगेल. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसता येत नाही. तुमच्या ताईंना माहितीये का त्या क्षणी काय करायचं? १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, तालुक्यातलं बाल संरक्षणाचं कोण, जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, हे सगळं एका कागदावर त्यांच्या पर्समध्ये असायला हवं. नसेल तर मोजण्याचं राहू दे बाजूला, आधी तो कागद करा.

ओवीची_आई

आता बरा आहे, सहावीत गेला. क्रिकेट वेड्यासारखं खेळतो. बाबांचं चित्र परत काढलं नाही कधी.

निवृत्त_गुरुजी

छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, शेवटची दहा मुख्याध्यापक म्हणून. तुम्हा सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं कोणाला पटणार नाही कदाचित. मुलांचं मन मोजू नका. आम्ही परिपाठ झाल्यावर वर्गात शिरलो की एका नजरेत कळायचं आज कोण जेवून आलं नाही, कोणाचं घरी वाजलंय. त्यासाठी पट्टी लागत नव्हती. तुम्ही मोजायला लागलात की केंद्रप्रमुख विचारणार तुमच्या शाळेचा आनंद किती टक्के, मग शिक्षक मुलांना हसरा चेहरा कसा गोल करायचा ते शिकवणार. दिल्लीने २०१८ साली हॅपीनेसचा अभ्यासक्रम काढला, दलाई लामांच्या हस्ते सुरू केला, त्याला परीक्षा ठेवली नाही हे मला फार आवडलं होतं.

अंकगणित

गुरुजी, तुमची भीती अगदी रास्त आहे आणि म्हणूनच मोजलेलं मुलाच्या किंवा शाळेच्या नावावर कधीच चिकटवायचं नाही, मोजायचं ते आपल्या कार्यक्रमाला. दिल्लीतही मुलांची परीक्षा नव्हती पण कार्यक्रमाचा उपयोग होतो का हा प्रश्न होताच, आणि त्यासाठी बाहेरच्या संशोधकांना आधी मुलांसाठी नि शिक्षकांसाठी मोजायची साधनंच नव्याने तयार करावी लागली, २०२० मध्ये त्याचा अहवाल आला. इतकं ते अवघड आहे.

पण तुमच्या एका नजरेबद्दल थोडं आदराने विचारतो. ज्या मुलाचं घरी वाजलं ते नजरेत यायचं कारण ते मूल चिडचिड करायचं. मागच्या बाकावरची गप्प मुलगी, जिचा गृहपाठ पूर्ण, वेणी घट्ट, कोणाला त्रास नाही, ती किती वेळा आली नजरेत? शिक्षकांनी भरायच्या प्रश्नावल्यांमध्ये जगभर हेच होतं, दंगा करणारं मूल बरोबर पकडलं जातं, आतल्या आत झुरणारं सुटतं.

निवृत्त_गुरुजी

एक मुलगी आठवते. नाव लिहीत नाही. तुमचं म्हणणं खरं आहे.

शेवंती

मला शब्दांबद्दल बोलायचंय. गेल्या वर्षी आमच्याकडे एक प्रश्नावली आली होती, त्यात वाक्य होतं 'मी अनेकदा चिंताग्रस्त असतो'. माझी पोरं माझ्याकडे बघत बसली. एकाने विचारलं चिंताग्रस्त म्हणजे चिंच खाल्ल्यावर होतं ते का. आमच्याकडची मुलं म्हणतात 'जीव घाबरा होतो', 'पोटात गोळा येतो', 'कसंनुसं होतं', 'करमत नाही'. हे 'करमत नाही' किती मोठा शब्द आहे बघा, त्यात आठवण, कंटाळा, एकटेपणा सगळं आलं, आणि इंग्रजीतून उतरवलेल्या कुठल्याही प्रश्नावलीत तो नसतो. हिरमुसणं, रुसणं, ओशाळणं, कानकोंडं होणं, हे सगळे वेगवेगळे भाव आहेत आणि आपण मुलांना शिकवतो काय तर आनंद, दुःख, राग, भीती, चार खाने. माझ्या वर्गात बंजारा घरातली मुलं आहेत, त्यांची तर घरची भाषाच वेगळी.

त्यामुळे प्रश्न लिहिण्याआधी पाच-सहा मुलांना बाजूला घेऊन वाक्य वाचा आणि विचारा, तुला यातून काय समजलं, तुझ्या शब्दांत सांग. आम्ही एकदा 'मला मित्र आहेत' या वाक्याचं असं केलं तर दोघींनी नाही म्हटलं, कारण त्यांना मैत्रिणी होत्या.

चांदणचुरा

शेवंती ताई, हा तुमचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. जोडून एवढंच, ताकद आणि अडचणींची जी २५ वाक्यांची प्रश्नावली जगभर वापरतात, १९९७ ची, ती अकरा वर्षांखालच्या मुलांना स्वतः भरायला देतच नाहीत. पालक किंवा शिक्षक भरतात. आणि ती गेल्या सहा महिन्यांचं वागणं विचारते, म्हणजे खडूवाला सर म्हणाले तसं जूनमध्ये नव्या शिक्षकाला देण्यात अर्थ नाही.

रानजाई

खूप शिकतेय. मग पुढच्या वर्षासाठी नेमकं काय करू? आमच्याकडे दोन ताया, बारा शाळा, आणि मोजमापासाठी जवळजवळ शून्य पैसे. तालुक्यातल्या अजून दहा-बारा शाळांनी तास मागितलाय, सगळ्यांना देणं शक्य नाहीये.

अंकगणित

मग तुमच्या हातात सोनं आहे. मागणाऱ्या शाळा जास्त, ताया कमी. कोणाला यंदा आणि कोणाला पुढच्या वर्षी हे ओळखीने किंवा रस्ता कुठे चांगला आहे त्यावर ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. शाळा व्यवस्थापन समित्यांच्या लोकांसमोर टाका. कोणाला वंचित ठेवल्यासारखं होत नाही कारण तसंही सगळ्यांना पुरणार नव्हतं, आणि तुम्हाला तुलनेची शाळा मिळते. चिठ्ठी शाळेची टाकायची, मुलाची नाही. एकाच वर्गात अर्ध्या मुलांना तास आणि अर्ध्यांना नाही असं केलं तर मधल्या सुट्टीत खेळ इकडचा तिकडे जातो. आणि ध्यानात ठेवा, तुलनेची शाळा म्हणजे काहीच न मिळालेली शाळा नव्हे, २०२४ पासून पहिली ते आठवीला राज्य शासनाचा 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहेच, तिथे एखादा हौशी शिक्षक तुमच्यापेक्षा छान काही करत असेल. त्याचीही नोंद घ्या.

आता कटू गोष्ट. दहा-बारा शाळा इकडे आणि तेवढ्याच तिकडे एवढ्यावर छोटा फरक पकडता येत नाही. मुलं शेकड्यांनी असली तरी एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून मोजताना वजन शाळांच्या संख्येला येतं. फरक दिसला नाही तर 'फरक नाही' असं लिहू नका, 'एवढ्या शाळांत दिसू शकला नाही' असं लिहा. आणि दिसला तर नाचू नका, पुढच्या वर्षी परत बघा. टक्के तर लिहूच नका. भावनिक आरोग्याचे शंभर कुठे असतात ते मला आजवर कोणी दाखवलेलं नाही.

खडूवाला

मी एक साधं सुचवू? मधल्या सुट्टीत खिचडी वाढली की पोरं कोणाच्या शेजारी ताट घेऊन बसतात ते बघा. कोण रोज एकटं बसतं. महिन्यातून एक दिवस, न सांगता, त्या शाळेशी संबंध नसलेल्या माणसाने, ज्याला माहिती नाही की या शाळेत तास चालतो की नाही. मुलांना काही विचारायचं नाही, कोण आवडत नाही वगैरे तर अजिबात विचारायचं नाही, त्याने नसलेली भांडणं लागतात. नावं लिहायची नाहीत, फक्त एकटी बसलेली मुलं किती. दुसरं, हजेरी. तिसरं, भांडण घेऊन मुलं शिक्षकांकडे किती वेळा येतात, पण हे सांभाळून, कारण तक्रारी वाढल्या तर कधी कधी अर्थ असा की पोरांना आता वाटतंय की कोणीतरी ऐकतं.

चांदणचुरा

शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे सर. एकही आकडा एकटा वाचायचा नाही. तक्रारी वाढल्या आणि एकटी बसणारी मुलं कमी झाली तर एक अर्थ, तक्रारीही वाढल्या आणि गैरहजेरीही वाढली तर दुसरा. आणि प्रत्येक शाळेत वर्षातून दोनदा चार-पाच मुलांशी निवांत गप्पा, बोलक्या मुलांशी नाही, ताईंनी हजेरीपटावरून दर पाचवं नाव घ्यावं. गप्पा ताईंनी स्वतः घ्यायच्या नाहीत, मुलं त्यांना खूश करायला बघतात.

सातासमुद्रापार

आणि ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं काय? त्यांना परत आल्यावर वेगळं भेटता येईल का? मला ते आईचं पातळ डोक्यातून जात नाहीये.

रानजाई

आठवडाभराने लिहितेय. आम्ही चौघे बसलो आणि देणगीदारांना पत्र पाठवलं. त्यात लिहिलं की टक्के देता येणार नाहीत, चेहऱ्यांची पट्टी चुकीची होती, किती तास ठरले होते आणि किती झाले ते वहीतून दिलं, आणि कारखान्यावर गेलेल्या मुलांपर्यंत आम्ही पोचलो नाही हेही लिहिलं. पत्र पाठवायच्या आधी दोनदा हात थांबला. त्यांचा फोन आला, बराच वेळ बोलणं झालं, यंदा निम्मे पैसे देणार म्हणाले, उरलेल्याचं दिवाळीनंतर बघू. निम्म्यात भागवू.

ओवीची_आई, आमच्या कपाटात मुलांची दोन पिशव्या चित्रं होती. फोटो काढलेले सगळे काढून टाकले, चित्रं ज्याची त्याला परत देतोय. 'दुःखाचा दिवस' असं काही आमच्या तासात नव्हतं पण 'माझी भीती' होतं, ते आता गोष्टीतल्या सशाची भीती असं केलंय, ज्याला स्वतःचं सांगायचंय त्याने सांगावं, न सांगितलं तरी चालेल. नंबरांचा कागद दोन्ही ताईंच्या पर्समध्ये आहे. मार्च-एप्रिलमध्ये जी मुलं परत येतील त्यांच्यासाठी त्या दोन महिन्यांत वेगळा वेळ ठेवलाय, त्याचं मोजमाप काय करायचं ते अजून ठरलं नाही.

नोंदी आता ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत. चिठ्ठ्या येत्या शनिवारी केंद्रशाळेत, अकरा वाजता, बावीस शाळा आहेत. ताटं बघायला जायला माणसं हवी आहेत, तालुक्याबाहेरची पण चालतील, महिन्यातून एक दिवस, गाडीखर्च देऊ शकतो, मानधन नाही.

शेवंती

माझं नाव लिहा. शेजारच्या तालुक्यात आहे, सोमवारी माझी शाळा दुपारी सुटली की येऊ शकते... नाही, खिचडी तर त्याच वेळेला असते ना. मग रजा टाकेन महिन्यातून एक. फक्त शनिवारी मला चिठ्ठ्या बघायला बोलावू नका, कोणत्या शाळेत तास आहे ते मला कळायला नको.